चकली विरघळते, अनारसा हसतो, पांढरा रस्सा फाटतो
वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघराची उत्तरं : दिवाळी विशेष

यंदाच्या पत्रांत ‘कसं करायचं’ विचारणारे थोडे आहेत, ‘का बिघडलं’ विचारणारे जास्त. बिघाडही बहुतेक ठिकाणी मसाल्याचा नाही, पाण्याचा आहे. पिठातलं पाणी, गुळातलं पाणी, लसणातलं पाणी आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाची हवेतली ओल. त्यामुळे उत्तरांत पाण्याचा हिशेब वारंवार येईल. खाली वाटी म्हणजे 150 मिली, मोठा चमचा 15 मिली आणि लहान चमचा 5 मिली. जिथे ग्रॅम दिलेत तिथे काट्यावरच मोजा.

प्रश्न : गेल्या दिवाळीत चकल्यांचे दोन घाणे तेलात पडताच सुटे झाले. नंतरच्या घाण्यांतल्या चांगल्या झाल्या, पण तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या. भाजणी एकच, हात एकच, मग असं का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. तेलात चकली सुटते ती मोहन जास्त झाल्यामुळे किंवा पीठ नीट न मळल्यामुळे. चकलीच्या भाजणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकडीतला तांदळाचा लगदा आणि उडीद हीच तिची पकड. पिठाच्या कणाला तेलाचं आवरण जास्त बसलं की ही पकड सुटते. तिसऱ्या दिवशी मऊ पडणं हा मात्र आचेचा दोष. मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल होते, आतल्या वेढ्यात पाणी राहतं आणि तेच पुढच्या दोन दिवसांत बाहेर येऊन तिला नरम करतं.

भाजणी अशी घ्या : तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ 500 ग्रॅम, मूग डाळ 250 ग्रॅम, उडीद डाळ 125 ग्रॅम, पोहे 125 ग्रॅम, धणे 50 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. तांदूळ आणि डाळी धुऊन कापडावर सावलीत पूर्ण वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. तांदूळ हलका होऊन फुलल्यासारखा दिसला की थांबा, डाळींना फक्त गुलाबी छटा हवी. भाजणी करपली तर चकली काळपट होते आणि तिचे तुकडे पडतात, कारण जास्त भाजलेलं पीठ पाणी धरत नाही. गिरणीत देताना आधी गहू किंवा ज्वारी दळून झालीय ना, हे विचारा. मिरची किंवा मसाल्यानंतर लगेच दळायला टाकू नका.

4 वाट्या भाजणीला साडेतीन वाट्या पाणी उकळा. त्यात पाव वाटीला जरा जास्त, म्हणजे 40 मिली तेल, 4 लहान चमचे तिखट, 2 लहान चमचे मीठ, 2 मोठे चमचे तीळ, 1 लहान चमचा ओवा, अर्धा लहान चमचा हळद आणि हिंग घाला. गॅस बंद करून भाजणी ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ही अर्ध्या तासाची वाफ चुकवू नका. मग एका वेळी दोन मुठी पीठ घेऊन कोमट पाण्याच्या हाताने किमान पाच मिनिटं मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या घाण्यापर्यंत ते कोरडं पडतं आणि सोऱ्यातून चकली तुटत तुटत येते.

सोऱ्यातून पडणारा धागा बघा. कडा गुळगुळीत असेल तर पाणी जास्त झालंय. बारीक काटे उभे राहिले तर पीठ बरोबर. वेढा तुटत असेल तर चमचाभर पाणी घाला. वेढा अखंड पडतोय पण तेलात सुटतोय, तर उरलेल्या पिठात गरम पाण्यात भिजवलेली अर्धी वाटी भाजणी बिनमोहनाची मिसळा आणि पुन्हा मळा.

तेलात पिठाचा बारीक तुकडा टाकला की तो दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. लगेच उसळला तर तेल जास्त तापलंय. चकल्या सोडल्यावर पहिलं मिनिटभर झारा लावू नका, मग आच मध्यम करा. तेलाला येणारे बुडबुडे हेच चकलीतलं पाणी. ते जवळजवळ थांबले आणि चकली तेलात जड होऊन खाली बसू लागली, म्हणजे ती आतून झाली. रंग बघून काढू नका. काढल्यावर चाळणीत उभ्या लावा आणि पूर्ण थंड व्हायला दीड-दोन तास द्या. कोमट असताना डब्यात भरल्या तर झाकणाला पाणी सुटतं.

आधीच मऊ पडलेल्यांना दुसऱ्यांदा मध्यम तेलात मिनिटभर तळता येतं, पण त्या तेलकट होतात. ओव्हन असेल तर 120 अंशावर 10-12 मिनिटं ठेवून तिथेच थंड होऊ द्या.

प्रश्न : अनारसा तुपात टाकला की पसरून त्याची जाळी तुपभर होते. आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात, पण आम्हाला रडू येतं. पीठ चार दिवसांपूर्वीच करून ठेवलंय, काही करता येईल का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : पीठ वाचेल. अनारसा हसतो तेव्हा गूळ जास्त झालेला असतो किंवा दळताना तांदूळ ओला राहिलेला असतो. तुपात गूळ वितळतो आणि त्याला धरून ठेवायला पिठी पुरत नाही.

भिजवून दळलेली कोरडी पिठी शिल्लक असेल तर दोन मोठे चमचे मिसळून एकच अनारसा तळून बघा. तरी हसला तर अजून एक चमचा. एकदम वाटीभर घातली की उलटा त्रास होतो, अनारसा दगड होतो. भिजवलेली पिठी नसेल तर गिरणीची साधी तांदळाची पिठी चमच्या-चमच्याने चालते, फक्त अनारसा जरा कडक लागेल. पीठ भुसभुशीत, थापता न येणारं असेल तर लहान चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा चिमूटभर गर लावून मळा.

पुढच्या वेळेसाठी : जुना, जाड तांदूळ तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. पाणी बदललं नाही तर आंबूस वास पिठात उतरतो. चौथ्या दिवशी उपसून घरातच कापडावर पसरा. उन्हात नाही. अर्धा-पाऊण तासाने मूठभर तांदूळ दाबून बघा. हाताला ओल लागली पाहिजे, पण पाणी दिसता कामा नये. या टप्प्यावर मिक्सरला दळून बारीक चाळणीने चाळा. 500 ग्रॅम पिठीला 375 ग्रॅम किसलेला गूळ आणि मोठा चमचाभर तूप. वाटीभर पिठी गूळ न घालता बाजूला वाळवून ठेवा, ती वर सांगितलेल्या दुरुस्तीला लागते. गूळ मिसळलेल्या पिठाचे गोळे डब्यात दाबून चार-पाच दिवस मुरू द्या. पहिल्या दिवशी घट्ट वाटणारं पीठ चौथ्या दिवशी गूळ सुटून मऊ होतं, म्हणून सुरुवातीला दूध घालण्याचा मोह टाळा.

गुळात एक खोच आहे. आपल्याकडे गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला पेटतात आणि बाजारात नवा गूळ दिसू लागतो. चवीला तो सुरेख, पण ओला. अनारशाला गेल्या हंगामातला कोरडा, किसता येणारा गूळ घ्या. चिक्कीचा गूळ इथे नको, त्याने अनारसा चिवट होतो.

खसखशीवर बोटांनी सात-आठ सेंटिमीटरचा थापा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडा आणि उलटू नका. झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. तूप मध्यमपेक्षा किंचित कमी तापलेलं. थंड तुपातही अनारसा हसतो, मग दोष पिठाला दिला जातो.

प्रश्न : भडंग दुसऱ्या दिवशीच सादळतं. चुरमुरे तर ताजे आणले होते. (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : भडंगासाठी प्रसिद्ध असलेल्या जयसिंगपूरकरांनी हे विचारावं म्हणजे गंमतच! चुरमुरे ताजे असले तरी कोरडे असतीलच असं नाही. भडंगाचे जाड चुरमुरे तीन-चार तास कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर कढईत थोडे थोडे मंद आचेवर हलवा. बोटांत दाबल्यावर ‘कुर्र’ आवाज करून चुरा झाला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून ओल आहे.

दुसरा चोर लसूण. 500 ग्रॅम चुरमुऱ्यांना 30-40 पाकळ्या सालीसकट ठेचून 200 मिली तेलात मंद आचेवर तळा. त्या तांबूस आणि खडखडीत व्हायला हव्यात. पांढऱ्या, मऊ पाकळ्या राहिल्या तर त्यांचं पाणी रातोरात चुरमुऱ्यांत जातं. कढीपत्ताही धुतल्यावर पुसून, वाळवूनच घाला. याच तेलात आधी 200 ग्रॅम शेंगदाणे तळून काढलेले असावेत. मग गॅस बंद, दोन मिनिटं थांबून हिंग, लहान चमचाभर हळद आणि 2 मोठे चमचे तिखट. कडकडीत तेलात तिखट घातलं तर ते काळं पडतं आणि भडंग कडू लागतं. चुरमुरे घालून पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं परता. दळलेलं मीठ आणि 2 मोठे चमचे पिठीसाखर अगदी शेवटी. कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर ताटलीत, डब्यात नाही.

प्रश्न : भाऊबिजेला घरी 25 माणसं आहेत. फराळाचा कंटाळा आलेला असतो, म्हणून मटणाचा बेत. तांबडा रस्सा जमतो, पण पांढरा हमखास फाटतो आणि रंगही पिवळा येतो. मटण किती आणू? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : हाडासकट 5 किलो आणा, माणशी 200 ग्रॅम. वाटीने रस्सा पिणारी माणसं धरून पांढरा 4 लिटर आणि तांबडा 5 लिटर लागेल. म्हणजे मटण शिजवताना पाणी 9 ते 10 लिटर हवं. ते एका मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा. घरचा कुकर वापरायचा असेल तर दोन-तीन खेपा करा आणि उरलेलं पाणी नंतर उकळून अळणीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात, मिसळा.

रंगाचं कारण हळद. मटणाला आधीच हळद चोळली की अळणी पिवळं होतं आणि मग कितीही नारळ ओता, पांढरा रस्सा पांढरा होत नाही. मटण फक्त आलं-लसूण आणि थोड्या मिठावर शिजवा. हळद नंतर सुक्क्यात आणि तांबड्यात घाला. दह्यातही मुरवू नका. दह्याचा आंबटपणा पुढे नारळाचं दूध फाडतो.

शिजल्यावर अळणी गाळून 15-20 मिनिटं स्थिर ठेवा. वर चरबीचा थर येईल, तो पळीने काढून वाटीत ठेवा. पांढऱ्या रश्श्यात ही चरबी वर तरंगून ओशट लागते. तांबड्याच्या कटाला मात्र तीच हवी.

आता 10 माणसांचं प्रमाण देतो, 25 ला अडीचपट करा. 30 ग्रॅम काजू, 2 मोठे चमचे खसखस आणि 1 मोठा चमचा पांढरे तीळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गंधासारखं बारीक वाटा. खसखस भरड राहिली तर रस्सा खरखरीत लागतो. एका मोठ्या नारळाचं पहिलं घट्ट दूध दीड वाटी आणि दुसरं पातळ दूध दोन वाट्या वेगवेगळी काढा. खोबऱ्याची काळी पाठ आधी सोलून टाका, नाहीतर दुधाला करडी झाक येते.

2 मोठे चमचे तुपात 2 तमालपत्रं, 2 बोटभर दालचिनी, 6 लवंगा, 4 वेलदोडे आणि 10 मिरे टाका. मग 10 लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि 5-6 हिरव्या मिरच्यांचं वाटण मंद आचेवर परता. कच्चा वास जावा, पण रंग बदलू नये. काजूचं वाटण घालून तीन-चार मिनिटं सतत हलवा, बुडाला लागलं की तांबूस ठिपके येतात. त्यावर लिटरभर गरम अळणी ओतून दहा मिनिटं उकळा. उकळणं इथे संपलं. आच एकदम बारीक करून पातळ दूध धारेने घाला, ढवळत राहा, वाफ आली की बास. घट्ट दूध घालताना गॅस बंद. शेवटी लहान चमचाभर पांढऱ्या मिऱ्यांची पूड आणि चव बघून मीठ.

फाटण्याचं कारण एवढंच की नारळाच्या दुधात चरबी आणि पाणी एकमेकांत अडकलेलं असतं आणि खळखळ उकळी आली की ते वेगळं होतं. थंडगार दूध उकळत्या रश्श्यात ओतलं तरी तेच. म्हणून आधी दोन पळ्या गरम रस्सा दुधात मिसळून त्याला कोमट करा. काजूचं वाटण चरबी आणि पाणी यांना जोडून ठेवतं, त्यात काटकसर करू नका. फाटलाच, तर गॅस बंद करून अर्धी वाटी रश्श्यात मोठा चमचाभर काजूचं वाटण कालवा, ते पातेल्यात घाला आणि रवीने घुसळा. अगदी मूळचा होत नाही, पण पंगतीत कुणाच्या लक्षात येत नाही.

25 माणसांच्या वेळी दूध घालण्याआधीपर्यंतचा रस्सा सकाळीच करून ठेवा आणि दूध पाट मांडताना घाला. दुसऱ्या पंगतीसाठी गरम करायचा तर पातेलं उकळत्या पाण्याच्या परातीत ठेवा, थेट गॅसवर नको. नारळाचा रस्सा लवकर आंबतो, उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

तांबड्याचं जमतंय म्हणता, तरी एक सूचना. बाजूला काढलेली चरबी आणि थोडं तेल तापवून त्यात कांदा-लसूण चटणी मंद आचेवर घाला आणि अर्ध्या मिनिटात पळीभर अळणी शिंपडा. चटणी करपत नाही आणि रंग तेलात पूर्ण उतरतो. रंग हवा, पण पाहुणे पुण्याचे असतील, तर ब्याडगीचं तिखट वाढवा आणि संकेश्वरी कमी करा.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला मिसळीची पार्टी, 30 जण. घरी केलेल्या कटाला तर्री येत नाही आणि मटकीचा गाळ होतो. (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : कोरडी मटकी 1200 ग्रॅम घ्या. आठ-दहा तास भिजवून, उपसून, 12 ते 16 तास कापडात बांधली की साधारण अडीच किलो होते. कुकरमध्ये घालू नका. उकळत्या पाण्यात हळद-मीठ घालून दहा-बारा मिनिटं, दाणा बोटाने दबेल पण फुटणार नाही इतपत शिजवा. लगेच निथळा. गाळ होतो तो बहुतेक वेळा निथळायला उशीर झाल्याने. मटकीचं पाणी टाकू नका, ते कटात जाऊ दे.

तर्री म्हणजे मिरचीचा रंग घेतलेलं तेल. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कट उकळायला लागल्यावर वरून चटणी टाकली तर पाणी नुसतं गढूळ तांबडं होतं. 30 जणांसाठी 450 मिली तेल घ्या. एवढं तेल बघून पळी थांबते, पण 30 वाट्यांत वाटलं की माणशी 15 मिली होतं. 1 किलो उभा चिरलेला कांदा आणि 250 ग्रॅम सुकं खोबरं वेगवेगळं, गडद तांबूस होईपर्यंत भाजा. 100 ग्रॅम लसूण, 50 ग्रॅम आलं, 2 मोठे चमचे तीळ आणि मूठभर कोथिंबीर घालून वाटा. वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परता, पंधरा मिनिटं तरी लागतात. मग आच बारीक करून 150 ग्रॅम कांदा-लसूण चटणी घाला, अर्धं मिनिट परता आणि कढत पाणी ओता. मटकीचं पाणी धरून एकूण 7 ते 8 लिटर. गार पाणी ओतलं की तर्री दबते. झाकण न ठेवता 20-25 मिनिटं मंद उकळू द्या.

कट पातळच हवा, आमटीसारखा दाट झाला तर पाणी वाढवा. बाजारची चटणी असेल तर तिच्यात मीठ असतं, चव बघूनच मीठ घाला. बाकीचं सामान : फरसाण दीड किलो, बारीक शेव अर्धा किलो, कांदा दीड किलो, लिंबं 15, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, पोरांसाठी दही एक किलो. पाव नव्हे, स्लाइस ब्रेड, माणशी चार धरून 120. म्हणजे 400 ग्रॅमचे सात-आठ पुडे. फरसाण ताटलीत आधी भरून ठेवू नका. पंगत बसल्यावर मटकी, फरसाण, कट याच क्रमाने वाढा. कट मागणारे दोनदा मागतात, ते या हिशेबात धरलंय.

प्रश्न : बेसनाचे लाडू संध्याकाळपर्यंत बसके होतात. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : साखर गरम बेसनात घातली. ती वितळली आणि लाडू बसले. 500 ग्रॅम जाडसर बेसनाला 250 ग्रॅम तूप, मंद आचेवर 25-30 मिनिटं भाजून बोटाला सहन होईल इतकं कोमट होऊ द्या, मग 350 ग्रॅम पिठीसाखर. बसलेले लाडू मोडून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा मळून वळा. टाळ्याला चिकटत असतील तर मात्र बेसन कच्चं आहे, त्याला पुन्हा भाजण्याशिवाय इलाज नाही, आणि साखर पडल्यावर तेही नाही.

प्रश्न : पाडव्याच्या पुरणपोळीचं पुरण सैल झालं तर? आणि पोळी लाटताना फुटते ती कशाने? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : सैल पुरण पसरट कढईत पुन्हा आटवा. उलथनं मधोमध उभं करून सोडलं आणि ते पडलं नाही की झालं. गॅसवर किंचित सैल वाटलं तरी चालेल, थंड होताना ते आवळतं. घाईत असाल तर मोठा चमचाभर भाजलेलं बेसन मिसळा, पण चव थोडी बदलते.

सैल होण्याचं मूळ डाळ निथळण्यात आहे. 500 ग्रॅम हरभरा डाळीचं येळवणी, म्हणजे डाळ शिजलेलं पाणी, काढल्यावर डाळ चाळणीत दहा मिनिटं तरी राहू द्या, मग 450 ग्रॅम गूळ. येळवणीत ओंजळभर शिजलेली डाळ ठेचून घातली की कटाच्या आमटीला अंग येतं.

पोळी फुटते तेव्हा तीन गोष्टी तपासा. पुरण गरम असतानाच वाटलं होतं का? थंड पुरण पुरणयंत्रातून जात नाही आणि डाळीचा अख्खा दाणा राहतो. तोच पोळी फाडतो. कणीक दोन तास तेलात मुरली होती का? आणि सगळ्यांत जास्त दिसणारं कारण, कणीक आणि पुरण यांचा मऊपणा सारखा आहे का? दोन्हींवर बोट दाबा, खड्डा सारखा पडला पाहिजे. घट्ट पुरण मऊ कणकेतून बाहेर येतं, मऊ पुरण घट्ट कणकेत कडेला पोचतच नाही.

प्रश्न : गूळ पिवळाधमक घ्यावा की काळपट? गव्हाच्या खिरीत गूळ घातला की दूध फाटतं, तो गुळाचा दोष का? (एक वाचक, कागल)

उत्तर : पिवळाधमक रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. रसायनाशिवायचा गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. पण काळपट म्हणजे चांगलाच असंही नाही, करपलेल्या काहिलीतला गूळही काळा असतो आणि कडवट लागतो. ढेपेचा आतला तुकडा मागून चाखा. खारट लागला तर नको. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी समोरची ढेप कोणत्या गुऱ्हाळातली ते मानांकन सांगत नाही. ते दुकानदाराला विचारावंच लागतं.

दूध फाटणं दोष नाही, गुळाला स्वतःचा थोडा आंबटपणा असतोच. गहू पाण्यात शिजवा, गूळ घालून एकजीव करा, खीर कोमट होऊ द्या आणि मग गार, उकळून ठेवलेलं दूध मिसळा. पुन्हा गॅसवर ठेवू नका. गरम खीर हवी असेल तर नारळाचं दूध वापरा, तेही उतरवल्यावरच.

प्रश्न : करंज्या तळताना फुटतात आणि सगळं तेल खराब होतं. (एक वाचक, उचगाव)

उत्तर : सारण गच्च भरलंय किंवा ओलं आहे. भाजलेलं खोबरं पूर्ण थंड झाल्याशिवाय पिठीसाखर घालू नका. 250 ग्रॅम सुक्या खोबऱ्याच्या किसाला 200 ग्रॅम पुरते. पारी वाळू नये म्हणून गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा, कडेला बोटाने दूध लावा, आणि मुरड घालण्याआधी करंजी हलकेच दाबून आतली हवा बाहेर काढा. हवा तापली की ती वाट शोधते. आच मंद. एखादी फुटलीच तर तळणं तिथेच थांबवून तेल गाळा, जळकी साखर पुढच्या सगळ्या करंज्यांना चिकटते.

प्रश्न : एकाच तेलात सगळा फराळ तळता येतो का? उरलेल्या तेलाचं काय? (एक वाचक, रुईकर कॉलनी)

उत्तर : क्रम पाळला तर येतो. आधी करंज्या आणि शंकरपाळी, मग शेव, शेवटी चकली. चकलीचे तीळ आणि तिखट तेलात राहतं, तिच्यानंतर गोड काही तळू नका. शंकरपाळीची साखर खाली बसते, म्हणून त्यानंतर एकदा कापडातून गाळा. अनारशाचं तूप वेगळंच.

उरलेलं तेल गाळून, अंधारात, वेगळ्या बरणीत ठेवा. ताज्या तेलात मिसळू नका आणि पंधरा दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा. तापवताना फेस यायला लागला, चिकट झालं किंवा लवकर धूर सुटला, तर ते फोडणीलाही नको. मोरीत ओतू नका, थंडीत ते नळीत गोठून बसतं. जुन्या वर्तमानपत्रात किंवा भुशात जिरवून कचऱ्यात टाका.